एका लाल गाडीचे तीन मालक

लिंबू-मिरची काढायला सांगितली की गिऱ्हाईकाचा चेहरा पडतो. इंजिन उघडतो म्हटलं तर चालतं, सायलेन्सर बदलतो म्हटलं तर चालतं, पण बंपरखालचं लिंबू काढतो म्हटलं की, "काका, ते राहू द्या ना." एकाचं मी राहू दिलं. गाडी डायनोवर चढली, समोरचा पंखा सुरू झाला. हा पंखा माणसाएवढा उंच, त्याच्यापुढे उभं राहून कोणी टोपी घालून दाखवावी. लिंबू गाडीखालून सुटलं आणि मागे मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मालकाच्या नडगीवर बसलं. मिरच्या कुठे गेल्या ते आजतागायत कळलेलं नाही.

डायनो म्हणजे काय, ते मी माझ्या बायकोला समजावलं तसंच इथे सांगतो. जिममध्ये माणसं पट्ट्यावर धावतात, तसं गाडीचं यंत्र. जमिनीत दोन मोठे लोखंडी रोलर. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जमिनीला करकचून बांधायची आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. चाकं फिरतात, रोलर फिरतात, गाडी जागची हलत नाही. इंजिनाची ताकद किती ते कॉम्प्युटर मोजतो.

"म्हणजे एवढं पेट्रोल जाळून गाडी जाते कुठे?" बायकोने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग?"

"किती जोरात कुठेच जात नाही, ते मोजतात."

तिने कुकरचं झाकण लावलं आणि विषय संपवला.

मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. मालक ग्लेन. तो लॅपटॉप घेऊन गाडीत बसतो आणि इंजिनाला किती पेट्रोल, कधी ठिणगी, हे सगळं बसल्या जागी बदलतो. त्याला ट्यूनर म्हणतात. लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. माझं काम त्याच्या आधीचं, गाडी डायनोवर चढण्यालायक करणं. ऑइल नवं आहे का, प्लग शाबूत आहेत का, कुठल्या पाइपातून हवा गळते का, चाकांचे नट घट्ट आहेत का, टायर धड आहेत का. जागच्या जागी गाडी शंभराच्या वर पळते तेव्हा टायर फुटला तर तो रस्त्यावरच्यासारखा मागे पडत नाही, आपल्यासमोरच फुटतो. म्हणून मी हट्टी आहे. माझ्याबरोबर सेल्फी कोणी काढत नाही, पण मी "नाही" म्हटलं की ग्लेनसुद्धा लॅपटॉप मिटतो.

शिवाय डिकी रिकामी करायचं कामही माझंच. डिकीत काय काय सापडतं! क्रिकेटचं किट, लोणच्याची बरणी, तांदळाचं पोतं. एकदा एका सासूबाईंची अख्खी बॅग निघाली. त्या गावाला पोचल्या होत्या, बॅग आमच्याकडे होती, आणि जावयाला दोन्हीचा पत्ता नव्हता.

पण मला सांगायचंय ते तुषार सावंतच्या लाल गाडीबद्दल.

तुषार दिंडोशीचा. ताडासारखा उंच मुलगा, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा. छोटीशीच गाडी, पण टर्बोवाली, गिअर हाताने टाकायचे. त्याला एकच ध्यास, कागदावर दोनशे हॉर्सपॉवर. गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी आपापले आकडे टाकले होते, याचाच राहिला होता. रविवारचा डायनो त्याने ठरवला आणि फोन केला, "काका, मला सुट्टी नाही. गाडी तुम्हीच घेऊन जाल का? गेल्या रविवारपासून जागची हललेली नाही. चावी वॉचमनकडे ठेवतो."

गुरुवारी सकाळी मी दिंडोशीला गेलो, चावी घेतली, दार उघडून बसायला गेलो आणि माझा गुडघा स्टिअरिंगखाली असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सीट पार पुढे. आरसा असा खाली वळलेला की मला त्यात फक्त माझं पोट दिसत होतं. आणि रविवारपासून न हललेल्या गाडीचं बॉनेट गरम. चहाचा कप ठेवला असता तर निवला नसता.

मी सीट मागे केली, आरसा वर केला आणि गप्प गाडी मुलुंडला आणली. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांत बसतोय. कोणाच्या सीटखाली काय सापडलं, हे बोलून दाखवणारा मेकॅनिक फार दिवस टिकत नाही.

गाळ्यावर गाडी वर उचलली. टर्बोकडून निघणाऱ्या एका पाइपाची पकड सैल होती. साबणाचं पाणी लावल्याबरोबर फुगे आले. म्हणजे इंजिनासाठी दाबलेली हवा वाटेतच पळत होती. ते नीट केलं. मग टायर बघितले आणि पुन्हा वाकून बघितले. मागचे दोन नवेकोरे. पुढचे दोन टकले. या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. उभ्या गाडीला एकदम पाय दिला की पुढची चाकं जागीच गरागरा फिरतात, रबर रस्त्याला राहतं. हे एकदोनदा करून होत नाही. हे कोणीतरी रोज, मन लावून केलेलं होतं.

तुषारला फोन लावला. "पुढचे टायर गेलेत. या टायरांवर मी गाडी चढवणार नाही."

"काका, वर्ष नाही झालं त्यांना!"

"तू सिग्नलवरून गाडी उडवतोस का?"

"मी? मी मेट्रोने जातो हो. गाडी फक्त रविवारी काढतो."

"मग तुझ्या पाठीमागे कोणीतरी काढतंय."

मग तो म्हणाला, "बबलू!"

"कोण बबलू?"

"गाड्या धुणारा. आतून पुसायला चावी त्याच्याकडेच असते."

"अरे, घाई करू नकोस," असं म्हणेपर्यंत फोन कट झाला. बबलूला मी सकाळी बघितलं होतं. पोरगा हडकुळा, पण उंचीला माझ्याएवढा. पुढे ओढलेल्या त्या सीटवर बसला असता तर त्याला पान्याने उघडून बाहेर काढावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी एक बाई गाळ्यात आली. उंच, खांद्याला ऑफिसची बॅग. मी आधी तिचे गुडघे बघितले, हे सांगायला हरकत नाही. नाही, ही नव्हे.

"मी मानसी. तुषारची बायको." तिने इकडेतिकडे बघितलं. "काका, एक विचारू? गाडी थोडी हळू करता येते का?"

आमच्याकडे कोणी गाडी हळू करायला येत नाही. मी स्टूल पुढे केलं.

"त्याला कळू न देता," ती म्हणाली. "तो म्हणतो मी रविवारशिवाय चालवतच नाही. पण पार्किंगमध्ये गाडीजवळ गेलं की जळक्या रबराचा वास येतो. परवा खालच्या काकू म्हणाल्या, तुमची गाडी पहाटे हायवेला बघितली. पहाटे तो माझ्या शेजारी घोरत असतो, असं मला वाटायचं. आता रात्री मध्येच उठून हात लावून बघते, आहे का म्हणून. त्यात आता दोनशे हॉर्सपॉवर. मला झोप लागत नाही."

"मॅडम, गाडी बिघडवायचं काम आम्ही करत नाही. ते मालक लोक स्वतःच करतात."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, बघतो. काय बघणार होतो, देव जाणे.

शनिवारी जेवायच्या वेळेला तिसरं माणूस आलं. कॉटनची साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, हातात डबा. बुटकी, गोल, पासष्टीच्या आसपास. बाकावर बसली तर पाय जमिनीला टेकेनात, ते हलवत बसली. माझ्या गुडघ्याला ताबडतोब ओळख पटली.

"अशोक तूच ना रे? मी तुषारची आई. सरोज. डब्यात सुरमई आहे, गरम आहे तोवर खा."

तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे ते दोन टकले टायर पडले होते.

"काढलेस वाटतं."

"काढावेच लागले."

"मागचे बरे असतील ना?"

"मागचे नवे आहेत."

"असणारच." मग जरा थांबून, "सीट तू मागे केलीस?"

"केली."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ती आधी हसली. असं हसली की पाठीमागे ग्लेनने मान वर करून बघितलं.

"कोणाक सांगू नको हां," ती हळूच म्हणाली. घाबरली किंवा मजेत आली की तिच्या बोलण्यात मालवण येतं. "घरातली झोपलेली असतात. मी वॉकला जाते म्हणून सांगते. हायवेला सिग्नलला थांबायचं. हिरवा झाला की पहिला, दुसरा, तिसरा. बस. मग गप्प साठाने पुढच्या पुलाखालून वळून घरी. रोज परत येऊन सीट मागे करते. त्या दिवशी तू लवकर आलास मेल्या."

"मावशी, धडकाल कुठेतरी. बाकीची माणसं असतात रस्त्यावर."

"मला शिकवतोस? मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होते मी. अर्धं गोरेगाव माझ्या हातचं आहे." मग ती मुद्द्यावर आली. "हे बघ, पाय दिला की गाडी आधी विचार करते. मग एकदम अंगात येतं. चाकं जागीच फिरतात आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. ती हिसक्याची सवय मोडता येईल का? तुषारला नको सांगू."

मी सुरमईचा तुकडा तोंडात ठेवला आणि विचार करत बसलो. एकाच घरातली तीन माणसं. एकाला गाडी जोरात हवी, एकीला हळू हवी, एकीला मऊ हवी, आणि दोघींचंही त्याला सांगायचं नाही. बरं, तिघांत गाडीचा नेमका दोष फक्त या बाईने सांगितला होता. टर्बो उशिरा जागा होतो आणि जागा झाला की सगळं एकदम ओततो. पुढच्या दोन चाकांना ते पेलत नाही.

"करता येईल," मी म्हटलं. "पण सिग्नलचा खेळ आजपासून बंद."

"बघू."

"बघू नाही. बंद. नाहीतर मी तुषारला सांगतो."

तिने डब्याचं झाकण जोरात लावलं. "बरं."

ती गेल्यावर मी ग्लेनजवळ गेलो. "त्या लाल गाडीला पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये ताकद कमी दे. हळूहळू चढू दे. तिसऱ्यापासून काय ते पूर्ण दे."

"का? तुषारने सांगितलं?"

"टायर वाचतील."

ग्लेन माझ्याकडे बघत राहिला. "अशोक, यू आर हायडिंग समथिंग, मॅन."

"सुरमई खा," मी म्हटलं.

यातली गंमत अशी की डायनोवर गाडी चौथ्या गिअरमध्ये मोजतात. पहिल्या-दुसऱ्यात काय केलंय ते त्या कागदावर दिसतच नाही. तुषारला आकडा मिळणार, मानसीची गाडी सिग्नलवर गरीब होणार आणि सरोजमावशीचं स्टिअरिंग शांत राहणार. तिघांना एकाच औषधाचा डोस. माझी कॉलर जरा ताठच झाली होती.

रविवारी तिघंही आले. मावशी म्हणे हट्टाने आली, "मला बघायचंय काय असतं ते." मी ओळख नसल्यासारखा नमस्कार केला. तिनेही केला. मानसीनेही मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं केलं. मला हसू दाबताना ठसका लागला.

नवे टायर घालून गाडी रोलरवर चढवली, पट्टे ताणले, धुराच्या नळीचं तोंड बाहेर काढलं, सगळ्यांना कानात घालायला बोळे दिले. पहिला पुल मारला. पुल म्हणजे खालून वरपर्यंत एका दमात पाय दाबून इंजिन ताणणं. गाळ्याचा पत्रा थरथरला. मानसीने तुषारचा दंड धरला. मावशीने कानातले बोळे काढून पदराला बांधले.

ग्लेनचं लॅपटॉपवर काम चालू होतं. आकडा चढत होता. दोनशेला थोडाच कमी. मधल्या वेळात इंजिन थंड करायला थांबलो, चहा आला. तुषार खुशीत होता.

"काका, बबलूचं आटपलं," तो म्हणाला. "सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. उद्यापासून त्याला गेटच्या आत घ्यायचं नाही. चोर साला. कबूल पण करत नाही, रडायला लागला."

माझ्याच फोनमुळे हे झालं होतं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि तोंड उघडलं, पण माझ्याआधी बाकावरून आवाज आला.

"बबलूला कोणी काही बोलायचं नाही."

तुषार वळला. "आई, तुला नाही माहीत..."

"मला माहीत आहे. गाडी मी काढते. पहाटे. टायर मी घासले."

पंखा बंद होता, पण सगळ्यांची तोंडं वाऱ्यात उघडी राहावीत तशी राहिली. तुषारला आधी ते विनोदच वाटलं. मग नाही वाटलं.

"तू? आई, तुझं वय काय, तुझे गुडघे काय! कोणाच्या अंगावर घातली असतीस तर? आजपासून चावी बंद. गाडीच विकून टाकतो मी!"

मानसी आधी सुटलेल्या श्वासाने हसली. नवरा रात्री शेजारीच होता याचं ते हसू असावं. मग तीही घाबरली. "आई, अहो रोज?"

"रोज नाही गं. गुरुवार-शनिवार दूधवाला लवकर येतो, तेव्हा जमत नाही. या गुरुवारी तो आलाच नाही."

"हसण्यावारी नेऊ नकोस!" तुषार ओरडला.

"नाही नेत." मावशी उठून उभी राहिली. "चुकलंच माझं. सिग्नलवर करायला नको होतं, या अशोकनेही दम दिलाय. चावी तुझ्याकडे ठेव. पण तुषार, मी इतकी वर्षं डावीकडच्या सीटवर बसले. माझ्या पायाखाली काय होतं? ब्रेक आणि क्लच. ॲक्सिलरेटर कायम दुसऱ्याच्या पायाखाली. कोणी भिंतीवर घालतंय, कोणी म्हशीवर घालतंय, आणि मी ब्रेक दाबतेय. तुझ्या शाळेची वर्षं मी ब्रेक दाबून काढली. तू ही गाडी आणलीस, म्हणालास, आई बघ कशी उचलते. म्हटलं, एकदा बघू कशी उचलते."

पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांचा आवाज येत होता.

"अशोककाका, तुम्हाला माहीत होतं?" तुषारने विचारलं.

"कालपासून."

"आणि तुम्ही..."

"माझ्याकडे तुमच्या घरातल्या सगळ्यांची गुपितं आहेत," मी म्हटलं. मानसीने घाईघाईने चहाकडे बघितलं.

तुषार बाहेर गेला. पाच-दहा मिनिटं इस्टेटच्या गेटपाशी फेऱ्या मारत होता. आम्ही आतून बघत होतो. मग फोन कानाला लावलेला दिसला. आत आला तेव्हा म्हणाला, "सेक्रेटरीला सांगितलं, बबलूची चूक नाही. संध्याकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे. आई, तू पण येशील."

"येणारच."

"आणि हायवे बंद. शहराबाहेर धावपट्टीवर गाड्या पळवायचा दिवस असतो. तिथे नेईन. हेल्मेट घालून. मी शेजारी बसणार."

"बस की."

एवढ्यात ग्लेनने आपलं डोकं गाडीतून बाहेर काढलं. आमच्याकडे गिऱ्हाईकाला रोलरवरच्या गाडीत बसवत नाहीत, हा नियम त्याचाच. "शेवटचा पुल राहिलाय," तो म्हणाला. "आंटी, आओ. तुम्ही मारा."

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

मावशीने चपळाईने सीट पुढे ओढली, इतकी पुढे की ग्लेन तिच्याकडे बघतच राहिला. तो डावीकडे लॅपटॉप घेऊन बसला होता. "चौथा गिअर. मी सांगितलं की पूर्ण पाय. मध्ये सोडायचा नाही. मी हात वर केला की क्लच दाबायचा, चाकं आपोआप थांबतील. ब्रेक मारायचा नाही."

"ब्रेक नाही मारायचा," तिने हळू म्हणून बघितलं.

पंखा सुरू झाला. समोर पंखा आणि पंख्यामागे आमची भिंत, जेमतेम दोन माणसांच्या अंतरावर. तुषार माझ्या शेजारी उभा होता आणि त्याने माझं मनगट धरलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. तिने पाय दिला. इंजिनाचा आवाज चढला, चढत गेला, गाडी पट्ट्यांना ताणून पुढे झुकली, एक्झॉस्टमधून फटाक्यासारखा एक आवाज आला. मानसी किंचाळली. मावशीचा चेहरा काचेतून दिसत होता. डोळे मोठे, ओठ घट्ट. तिने पाय सोडला नाही. ग्लेनचा हात वर झाला तेव्हा क्लच दाबला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा.

पडद्यावर आकडा आला. दोनशे चार. तुषारने ओरडून मानसीला मिठी मारली आणि फोटो काढायला धावला. मावशी हळूच उतरली. मी दाराशी उभा होतो, तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"अशोक, भिंत पुढे आलीच नाही रे," ती म्हणाली. "एवढा पाय दाबला, आणि भिंत होती तिथेच."

मी तिला पाणी दिलं.

आवराआवर झाली, पट्टे सुटले, डिकीतली छत्री आणि चटई मी परत ठेवली. निघताना चावी तुषारच्या हातात होती. मावशी मागे बसली, मानसी पुढे. आमच्या गाळ्याला बाहेर जाताना छोटा चढ आहे. तुषारच्या अंगात दोनशे चार घोडे शिरले होते, त्याने झोकात क्लच सोडला आणि गाडी चढावर धक्का खाऊन बंद पडली. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

मागच्या खिडकीतून आवाज आला. पूर्ण इस्टेटला ऐकू जाईल असा, अर्ध्या गोरेगावने ऐकलेला.

"न्यूट्रल. हँडब्रेक. घाबरायचं नाही, टेम्पोवाला थांबेल. चावी फिरव. हां, आता पहिला टाक, आणि क्लच अर्धाच सोड."